परभणीकडे धरलेली चौकट

दिगंबर गेला, हे त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं, नीट बघ, गच्चीवर असेल." तिने मला न्यायची वेळ सांगितली.

आकुर्डीच्या कंपनीत टूलरूमला आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर होतो. दिगंबरचा हात इतका मापात, की व्हर्नियरची मोजपट्टीसुद्धा आधी त्याला विचारून आकडा दाखवतो, अशी वदंता होती. ती मीच पसरवली होती. रिटायर झाल्यावर मात्र त्याच्या बायकोला, शांतावहिनींना, विसरायला होऊ लागलं. आधी गॅस, मग आपला मजला, मग मुलगी. दिवेलागण झाली की पिशवी भरून दाराशी उभ्या. "घरी कधी जायचं हो?" घर म्हणजे परभणीजवळचं माहेर. ते पाडून तिथून रस्ता गेलेला. माहेरी रोज संध्याकाळी रेडिओवर लागायचं ते परभणीचं आकाशवाणी केंद्र मुलीने मोबाईलवर लावून दिलं, तर वहिनी म्हणाल्या, "येवढं साफ? हे आमचं न्हाई."

मग दिगंबरने माळ्यावरचा रेडिओ काढला. अंधारू लागलं की परभणीची मीडियम वेव्ह इथवर पोचते, पण लिफ्ट, इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांच्या गुरगुरीत बुडून जाते. त्याने गच्चीवर तार ताणली. इतकी लांब, की ताथवड्याचे कावळे बदली मागून तिच्यावर बसायला आले. परभणी काही आली नाही, लिफ्टची मोटार तेवढी खणखणीत ऐकू आली. कुणीतरी सांगितलं, चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे घाला आणि तिची कड केंद्राच्या दिशेला धरा. टूलरूमचाच माणूस तो, चौकट केली लोखंडी अँगलची, चारी कोपरे वेल्डिंग करून. देखणी झाली. रेडिओ पार मुका. सगळा आवाज त्या लोखंडानेच गिळला.

"लाकडाची कर की राव," मी म्हणालो.

"लाकूड फुगतं. माप सोडतं."

"तुला गिअरबॉक्स बसवायचाय का वहिनींना बसवायचंय?"

तो हसला नाही. चाकणवरून पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या घेऊन आला.

त्यांची चौकट झाली त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. त्याने चौकट हळूहळू फिरवली, गुरगुर बसत गेली आणि खरखरीतून एक बाई जात्यावरची ओवी म्हणू लागली. "यायलंय का ऐकू?" त्याने विचारलं. वहिनींनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या. "आलाव की घरी," म्हणाल्या.

हात काढला की आवाज पडायचा. म्हणून मग रोज दिवेलागणीला तो चौकट धरून उभा. "टेकू लाव," मी म्हणायचो. "टेकूला कळत नाही आवाज कधी पडला ते," तो म्हणायचा.

आता चौकट धरायला मी जातो. माझा हात त्याच्याइतका मापात नाही, त्यामुळे परभणी येते, जाते... दिगंबर गेल्याचं वहिनींना मुलीने सांगितलंय, अनेकदा. प्रत्येक वेळी त्यांना ते नव्यानेच कळतं, म्हणून तिनेही आता सोडून दिलं. परवा ओवी चालू होती. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना हाक मारा की. ताट वाढायले मी."

जन्मभर थापा मारल्या मी, पण त्या घटकेला एकही सुचली नाही. आवाज पडत चालला होता. मी चौकट जराशी फिरवली.