तिसरा संदर्भ

पडद्याच्या कापडाचा भाव शेवटी मी सांगेन तोच ठरतो, हे घाटकोपरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. फुटपाथवर चादरी विकून मी हे दुकान उभं केलं. सासरकडून सुईसुद्धा घेतली नाही. आवाज चढवला की समोरचा खाली येतो, हा माझा अनुभव. एका ठिकाणी तो कधीच कामी आला नाही. ते म्हणजे माझं घर.

माझा मुलगा थॅलेसेमियाने गेला. मुलगी मोठी, ती तेव्हा बालवाडीत होती. त्याला सारखं रक्त चढवावं लागायचं. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही रक्त तपासायला सांगितलं होतं. मी तपासून घेतलं. माझ्यात तो दोष निम्मा निघाला. म्हणजे मला स्वतःला त्रास नाही, पण पोटच्या पोराला तो देऊ शकते. नवरा गेलाच नाही. सासूबाई म्हणाल्या, "सापडलं ना हिच्यात? मग त्याला कशाला टोचायचं?" तेव्हापासून घरात एकच वाक्य आहे, हिच्या माहेरचं रक्त. बारशात, साखरपुड्यात कुणी हळूच विचारलं की सासूबाई तेच सांगतात, आणि नवरा ताटाकडे बघत राहतो.

यंदा मुलगी अकरावीत गेली. जीवशास्त्राच्या प्रोजेक्टला एक आनुवंशिक आजार घ्यायचा होता, तिने हाच घेतला. मला विचारलंही नाही. एका दुपारी दुकानात आली, गठ्ठ्यावर बसली आणि पुस्तकातलं वाचून दाखवलं. हा आजार पूर्ण व्हायचा तर दोष आई आणि वडील, दोघांकडून यावा लागतो.

"परत वाच," मी म्हटलं.

"आई, तुला माहितीय की हे. डॉक्टर बोलले असतील ना तेव्हा."

"बोलले होते. पण मी सांगितलेलं कोण ऐकतंय? हे छापलेलं आहे."

त्या दिवशी मी एकाही गिऱ्हाइकाशी घासाघीस केली नाही.

मग घराण्याचा तक्ता काढायचा आला. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. दोष निम्मा असेल तर आकृती निम्मी रंगवायची, पूर्ण आजार असेल तर पूर्ण. जीवशास्त्राच्या मॅडमची अट एकच, रंग भराल तिथे संदर्भ द्या. पुस्तक असेल तर पुस्तकाचं नाव, रिपोर्ट असेल तर रिपोर्ट, माणसाने सांगितलं असेल तर मुलाखत. मुलीने आधी आजीची मुलाखत घेतली आणि जशीच्या तशी उतरवली. "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. आणि पोराला नक्की काय झालं होतं ते देव जाणे, अशक्त होता." मग माझी घेतली. मी सगळं सांगितलं.

"आता भर रंग," मी म्हटलं.

"कसा भरू? आजी एक बोलते, तू एक. मॅडम म्हणाल्या, दोन मुलाखती जुळत नसतील तर तिसरा संदर्भ लागेल. भावाचे हॉस्पिटलचे कागद असले तरी चालतील. त्याला मेजर, म्हणजे पूर्ण आजार होता असं एकदा दाखवलं ना, की बाबांचा चौकोन आपोआप निम्मा होतो."

"त्याची फाइल नाहीये."

"म्हणजे? कुठे गेली?"

गेलेल्या मुलाच्या वस्तू घरात ठेवत नाहीत. सासूबाईंनी त्याची झबली, खुळखुळा, दुधाची बाटली आणि त्यांच्यावर ती जाडजूड फाइल ठेवून गाठोडं बांधलं आणि दिरांनी ते खाडीत सोडलं. माझा रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता म्हणून राहिला. मी कागद जपला, म्हणून तक्त्यात माझाच गोल रंगला.

हॉस्पिटलात गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, इतके जुने कागद नाही राहत इथे." मी आवाज चढवला, साहेबांना बोलवा म्हटलं. साहेब आले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तेच सांगितलं. मॅडमना फोन केला. मी स्वतः आई आहे, मी पाहिलंय, ह्याहून मोठा पुरावा कुठला? त्या म्हणाल्या, "माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण आज तुमच्यासाठी नियम सोडला, तर उद्या मुलांना काय शिकवू?" ह्या बाईशी मला भांडता आलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

उरला नवरा. दुकानाच्या पाटीवर त्याला त्याच्या वडिलांचं नाव हवं होतं, पहिल्यापासून. मी कधी ऐकलं नव्हतं. आता मी म्हटलं, "लावा नाव. पण खाली लॅबमध्ये चला, एक सुई टोचून घ्या."

"आता काय उपयोग?"

"तुमच्या पोरीला संदर्भ हवाय."

तो आला. बाकावर बसला, बाही वर केली. लॅबवाली नळी काढत होती. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "रिपोर्टमध्ये निघालं तर? आईला काय सांगू?"

"जे आहे ते."

"म्हणजे माझ्यामुळे गेला, असं?"

"आपल्या दोघांमुळे."

इतक्या वर्षांत मुलाबद्दल तो पहिल्यांदाच बोलला होता. त्याने बाही खाली घेतली, बटण लावलं. "मला नाही जमणार गं ते ऐकायला," म्हणाला आणि उठून गेला. मी तिथे ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. लॅबवाली नळी हातात धरून तशीच उभी होती.

प्रोजेक्ट देण्याची तारीख आली, आणि मुलीने तक्ता होता तसाच दिला.

कॉलेजने प्रदर्शन भरवलं. सासूबाई नवी साडी नेसून आल्या, नातीचं कौतुक बघायला. तक्त्यापुढे उभ्या राहून त्यांनी बोट फिरवलं.

"हा रंगवलेला गोल कुणाचा गं?"

"आईचा."

"आणि हा पांढरा चौकोन?"

"बाबांचा. पांढरा नाही आजी, त्यात प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे अजून माहीत नाही."

"पांढराच तर आहे," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. "कॉलेजातही तेच लिहिलंय बघ."

मुलगी त्यांना समजावत राहिली. मी तक्त्याकडे बघत होते. माझ्या गोलाच्या आणि नवऱ्याच्या चौकोनाच्या खाली आणखी एक चौकोन होता. तिरकी रेघ मारलेला, म्हणजे मरण पावलेला. आत प्रश्नचिन्ह. त्याच्या सुया, त्याचे फिके ओठ, रक्त चढल्यावर एखाद दिवस हसायचा ते, ह्यातलं काही त्या चौकोनात नव्हतं. असं काही घडलंच नसावं, इतका तो स्वच्छ होता. खाली मॅडमचा लाल शेरा होता: संदर्भ काटेकोर, उत्तम.

रिक्षात मुलगी म्हणाली, "आई, मी माझं रक्त तपासून घेते."

"नको."

"का पण?"

तिच्यात काही निघालं, तर घरी काय म्हणतील ते मला पाठ आहे. नाही निघालं, तरी तेच म्हणतील. मी तिचा हात मांडीवर घेतला, कोपराच्या आतल्या बाजूला जिथे सुई टोचतात तिथे अंगठा ठेवला, आणि घर येईपर्यंत काढला नाही.