हात न लागलेलं जंगल

आमच्या तंबूसमोर पाटी होती: ‘माणसाचा हात न लागलेलं जंगल.’ तिच्या खाली सागाचा भला रुंद खुंट होता आणि त्यावर आमचे चहाचे कप मांडलेले होते.

चहा आणणाऱ्या गिरजामावशी शेजारच्या गावातल्या. आम्ही कप उचलले, तशी त्यांनी झुडपाची एक हिरवी डहाळी तोडून खुंटावर ठेवली. मी विचारलं, तर म्हणाल्या, “माह्या बापानं पाडला हा साग. तवा इथं लाकडाचा डेपो होता, सारं गाव तोडीवर जाये. झाड पाडलं का खुंटावर डहाळी ठेवाची अन् माफी मागाची. आमच्यात तसंच आहे.”

तेवढ्यात कॅम्पचा मॅनेजर आला. “मावशी, कचरा करू नका हो, गेस्ट बसतात इथे,” म्हणत त्यानं डहाळी झटकून टाकली.

माझं डोकंच फिरलं. म्हणे हात न लागलेलं! कुऱ्हाड धरून धरून या गावाच्या हातांना घट्टे पडले. त्यांनी पाडलेल्या सागाचे पलंग आणि दारं आमच्या शहरातल्या घरांत आजही मिरवताहेत. साग संपला, डेपो उठला, आणि आता त्या हातांची आठवणसुद्धा पुसून आम्ही इथे निसर्ग बघायला येतो! तोडताना ज्यांनी माफी मागितली ते कचरा करणारे, आणि ज्यांच्यासाठी तोडलं ते निसर्गप्रेमी.

मी हातातला कप खुंटावर टेकवला, वाकून डहाळी उचलली आणि पुन्हा त्यावर ठेवली.

मॅनेजर खुशीत हसला. “फोटोसाठी का, सर? थांबा, कप बाजूला करतो.”