खंडेनवमीला न फिरलेलं चाक
मलकपेठेत हिम्मतराव बिरादारांना लोक 'समुंदरवाले' म्हणत, अर्थात चेष्टेनं. हैदराबादेत समुद्र कुठला? पण गडी हट्टाचा. लाटेच्या दाबानं नळीतली हवा आतबाहेर होते आणि त्या हवेवर वीज करणारं चाक फिरतं, एवढं एका सरकारी साहेबानं समजावलं आणि बालानगरच्या छोट्या वर्कशॉपात पंप दुरुस्त करणारा हा माणूस चाकाच्या नादी लागला तो लागलाच. पहिल्या चाकाला सरकारनं अनुदान दिलं. चाचणी पसंत पडली, तर किनाऱ्यावर होणाऱ्या वीजकेंद्राची सगळी चाकं त्यांच्याकडेच होणार होती.

चाचणी पाहायला त्या योजनेचे अधिकारी मूर्तीसाहेब दिल्लीहून आले, ते नेमके खंडेनवमीला. यंत्रांना हळदकुंकू लागलेलं, झेंडूच्या माळा चढलेल्या. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, ही बिरादारांच्या घरची आज्यापासूनची रीत.

"आज नक्को साब," हिम्मतराव हात जोडून म्हणाले. "आज मशीन कू आराम रहता. कल चलाके दिखातूं."

साहेबांनी प्रसादाचं खोबरं घेतलं, हसले आणि संध्याकाळच्या विमानानं गेले. पुन्हा आलेच नाहीत. पुढं आयात खुली झाली, अनुदान आटलं, समुद्रातल्या विजेचं नाव कुणी काढीना. दैव देतं नि कर्म नेतं, असं म्हणून गल्ली मोकळी झाली. वर्कशॉप विकून हिम्मतराव कोठी भागातल्या परदेशी पंपांच्या दुकानात नोकरीला लागले.

"एक दिवस देवानं सांभाळून घेतलं नसतं का?" त्यांची बायको जयवंता एकदाच म्हणाली. त्या वर्षापासून हिम्मतरावांनी घरातली हत्यारांची पूजा बंद केली. स्वतःवरचा राग माणूस कुठं तरी काढतोच.

बऱ्याच वर्षांनी मूर्तीसाहेब, आता निवृत्त, त्याच दुकानात पंप घ्यायला आले. हिम्मतरावांनी ओळखलं आणि इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं, "साब, उस दिन चला देता तो..."

साहेब ओशाळले. "वो स्कीम तो मेरे आने के पहलेच बंद हो गई थी. दौरा मंजूर था, इसलिए आया. आप चलाते तो भी कुछ नै होता था."

माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, असं साहेबांना वाटलं असावं. हिम्मतरावांनी पंप नीट बांधून दिला.

घरी पुढ्यातला चहा निवला तरी ते बसूनच होते. जयवंतानं विचारलं, तेव्हा म्हणाले, "इतके दिवस वाटायचं, माझ्या चुकीनं गेलं. ते चाक बघायला कुणी आलंच नव्हतं गं."