तेलाच्या रंगावर लॅकर

तो डबा मी माझ्या हाताने उघडला, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी साहेबांना बरंच काही बोलणार आहे, आणि ते त्यांच्या लायकीचंच आहे. पण डबा उघडणारा हात माझा होता.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. नगर जिल्ह्यात एका नव्या साखर कारखान्याचं बांधकाम निघालं होतं आणि त्याचा ठेका घेतलेल्या परगावच्या कंपनीत मी इंजिनियर साहेबांच्या हाताखाली नकाशे काढायच्या कामाला होते. बावीस वर्षांची, सोनईची मुलगी, आणि सबंध ऑफिसात एकटी बाई. कारखान्याच्या अध्यक्षांनी ठरवलं की सभासदांचा मेळावा घ्यायचा आणि कारखाना पुरा झाल्यावर कसा दिसेल ते लोकांना मॉडेल करून दाखवायचं. नकाशे माझ्या हातचे, म्हणून मॉडेलही माझ्याकडे आलं. शंभर फुटाला एक फूट. सात फूट लांब, चार फूट रुंद फळीवर मी गिरणीघर, बॉयलर, गोदामं, मळीच्या टाक्या आणि गरम पाणी थंड करायचा तलाव उभा केला. दोन महिने लागले. चिमणी सागवानाची होती, पत्र्याच्या छपरांसाठी मी पुठ्ठ्यावर एकेक रेघ दाबून काढली होती.

शेवटचा हात द्यायला नगरात काम करणारे एक पॉलिशवाले मिस्तरी आले. साठीचे, किरकोळ अंगाचे. नगरच्या कॅम्पातल्या बंगल्यांमधलं फर्निचर त्यांनी चाळीस वर्षं चकचकीत ठेवलं होतं. दुष्काळात पॉलिश कोण करून घेतो? त्यांचं घर कारखान्यापासून दोन मैलांवरच्या वस्तीवर होतं आणि त्यांची सून आमच्या गेटासमोरच्या रस्त्यावर खडी फोडायला येत होती.

मला वाटलं होतं की डबा उघडायचा, ब्रश फिरवायचा, संपलं. मिस्तरींनी पहिले आठ दिवस मॉडेलला हातच लावला नाही. माझ्याकडून लाकडाचे उरलेले तुकडे मागून घेतले, मॉडेलवर होता तोच तेलाचा रंग त्यांना दिला आणि तो कडक वाळू दिला. मग एकेका तुकड्यावर वेगवेगळं वॉर्निश लावून खिडकीत मांडून ठेवलं.

कोपल नावाच्या राळेचं वॉर्निश चकाकत होतं, पण पांढरी भिंत त्याखाली जुन्या तुपासारखी पिवळी दिसायला लागली. लाखेचं पॉलिश सुंदर बसलं. त्यावर मिस्तरींनी भिजलेलं बोट टेकवलं आणि मला तासाभराने बघायला सांगितलं. तिथं पांढरा डाग उमटला होता. मेळाव्याला हजार माणसं येणार आणि घामेजल्या बोटांनी दाखवणार, ही गिरणी, ही चिमणी. लाख बाद. मग त्यांनी मोटारींना मारतात ते लॅकर घेतलं. कोऱ्या लाकडावर ते काचेसारखं दिसलं, आणि मी म्हणून गेले की हेच घेऊ. मिस्तरींनी रंगवलेला तुकडा पुढे ओढला, त्यावर तेच लॅकर फिरवलं आणि हाताची घडी घालून बसले. दहा मिनिटांत रंग सुरकुतला आणि लाकडापासून सुटून वर आला.

"ताई, खालचा रंग तेलाचा हाय," ते म्हणाले. "ह्येच्यातलं थिनर त्याला उचलून टाकतं. लावताना लई झाक दिसतं, मागनं रडायची पाळी."

शेवटी त्यांनी बाहेरच्या दारांना लावतात ते फिकं वॉर्निश पसंत केलं. पातळ हात, तीन वेळा, प्रत्येक हात वाळायला पुरा एक दिवस. तेही सगळीकडे नाही. तलावाचं पाणी, मळीच्या टाक्या आणि छपरं एवढ्यांनाच. भिंती, रस्ते, उसाचा अड्डा तसाच कोरा ठेवायचा. मी कारण विचारलं तर म्हणाले, समदंच चमकायला लागलं तर मानसाला काय बी दिसत न्हाई.

अडचण धुळीची होती. समोर दिवसभर खडी फुटत होती आणि ओल्या वॉर्निशवर बसलेला कण कायमचा बसतो. मी म्हटलं, खोलीत पाणी शिंपडू. मिस्तरींची सून हंडाभर पाण्यासाठी दोन मैल चालत होती, हे त्यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितलं. मग आम्ही खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, आणि त्यांनी घरून आणलेलं धुऊन विरलेलं धोतर चार काठ्यांवर ताणून मॉडेलवर तंबूसारखं धरलं. त्याखाली वाकून त्यांनी तलावाला पहिला हात दिला. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर निळ्या रंगावर पाणी होतं, त्याला दुसरा शब्द नाही. मला त्यात खिडकी दिसत होती.

मेळावा तीन दिवस अलीकडे आला. अध्यक्षांच्या घरचं काही कार्य मध्ये येत होतं. हे कळलं त्या दुपारी साहेब मॉडेल बघायला आले. त्यांनी धोतर बाजूला फेकलं आणि नुकत्याच दुसरा हात दिलेल्या तलावावर बोट टेकवलं. बोटाचा ठसा उमटला, तर चिडले ते मिस्तरींवर. अजून ओलं कसं? छपरं कोरडी का? भिंती मढ्यासारख्या का दिसतात? त्यांना अख्खं मॉडेल संध्याकाळच्या आत चमकायला हवं होतं, कारण पाच वाजता अध्यक्ष बघायला येणार होते. ड्रायव्हरला त्यांनी सकाळीच नगरच्या एका गॅरेजमध्ये पाठवून लॅकरचा डबा आणून ठेवला होता. म्हणजे ठरवूनच आले होते.

मिस्तरींनी सांगितलं की हे ह्या रंगावर चालणार नाही, आणि खिडकीतला तुकडा आणून समोर धरला. साहेबांनी तुकड्याकडे पाहिलं नाही. त्यांच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या माणसाला ते म्हणाले, "तुला कोणी विचारलं? लाव म्हटलं की लावायचं."

मिस्तरींनी हातातला ब्रश फळीवर ठेवला. "म्या लावनार न्हाई," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. आवाज चढवला नाही, काही नाही.

मग साहेब माझ्याकडे वळले. मी चाचरत तुकड्याबद्दलच सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच तोडलं, डिप्लोमा तुमच्याकडे आहे की त्याच्याकडे, असं विचारलं, आणि उद्यापासून कामावर यायचं असेल तर डबा उघडा म्हणाले. मी डबा उघडला. पिकल्या केळ्यासारखा वास खोलीभर झाला. काय होणार आहे ते मला माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी गिरणीघराच्या छपरापासून सुरुवात केली आणि चिमणीपर्यंत गेले.

चिमणी होते न होते तोवर गिरणीघराचं छप्पर हललं. तापल्या दुधावरची साय सरकावी तसा रंग गोळा होऊन वर आला. मग गोदामं. मग टाक्या. सर्वांत शेवटी तलाव. माझ्या दोन महिन्यांच्या कामाला पुरळ आल्यासारखं झालं. साहेब परत आले, बघितलं आणि घड्याळ पाहिलं.

पाचला अध्यक्ष आले तेव्हा साहेबांनी फार सहज सांगितलं, की या म्हाताऱ्याने चुकीचं वॉर्निश लावून सगळं बिघडवलं. मिस्तरी दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या हातात अजून ब्रश होता, ओला, आणि तोही कोणाला दिसला नाही, किंवा दिसूनही कोणाला काही वाटलं नाही. अध्यक्ष तसे वाईट नव्हते. ते एवढंच म्हणाले, "बाबा, जमत नव्हतं तर आधी सांगायचं." मिस्तरींनी आपले ब्रश पुसले, फडक्यात गुंडाळले आणि गेले. गेटाबाहेर सुनेने हातातला हातोडा खाली ठेवला आणि तीही त्यांच्यामागे निघाली, हे मला खिडकीच्या फाटक्या कागदातून दिसलं.

मेळाव्यात मॉडेलवर चादर टाकून ठेवली होती. साहेबांनी नकाशावर काठी ठेवून भाषण केलं, माझ्या नकाशावर. मी मेळावा संपल्यावर अध्यक्षांना गाठलं आणि लॅकर मी लावलं, साहेबांच्या हुकमावरून लावलं, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बरं झालं सांगितलं म्हणाले. मग म्हणाले की एका खेळण्यासाठी इंजिनियरशी वाकडं घेता येत नाही, कारखाना पुरा व्हायचाय. खेळणं. मला त्या क्षणी ती चादर ओढून सगळ्या सभासदांना आत काय आहे ते दाखवावंसं वाटलं. ओढली नाही. त्या दिवसांत मी जे केलं नाही त्याची यादी केलेल्या गोष्टींपेक्षा मोठी आहे.

साहेबांच्या कानावर ते गेलंच. मला ड्रॉइंगच्या टेबलावरून उठवून सिमेंटच्या गोदामात बसवलं. पंधरा दिवसांनी मी नोकरी सोडली.

त्याआधी एका रविवारी मी वस्तीवर मिस्तरींकडे गेले. सून दाराशी बसून बोटांना चिंध्या बांधत होती. तिने मला बसायला पोतं टाकलं. मी मिस्तरींना सांगितलं, की अध्यक्षांना मी सगळं खरं सांगितलंय.

"कवा?" त्यांनी विचारलं.

मेळाव्यानंतर, मी म्हटलं.

"म्या दारात हुतो तवा न्हाई."

मी नाही म्हटलं.

"कामाचं काय न्हाई, ताई. आज न्हाई तर उद्या मिळंल. पन नगरात समदे पॉलिशवाले म्हनत्यात, म्हाताऱ्यानं तेलाच्या रंगावर लॅकर मारलं. पोरं हसत्यात. ह्ये तर पयल्या वर्साला शिकवत्यात." मग म्हणाले, "मला नका सांगू. मला ठावं हाय."

त्यांनी चहा विचारला नाही, आणि ते बरोबर केलं.

सोमवारी मी नगरला गेले. कापडबाजाराच्या मागे एक रंगाचं दुकान होतं, तिथं सकाळी पॉलिशवाले आणि पेंटर कामाची वाट बघत उभे राहत. दहा-बारा जण होते. मी पायरीवर उभी राहिले आणि बोलले. कोणत्या कारखान्यात, कोणतं मॉडेल, कोणी नको म्हटलं होतं आणि कोणी लावलं. साहेबांचं नावही मी तिथं घेतलं, जे इथं घेत नाही. एकाने विचारलं, बाई, तुम्हाला माहीत होतं तरी लावलंत? मी हो म्हटलं. तो हसला नाही. दुकानदाराने मला खुर्ची दिली, ती मी घेतली नाही.

साहेबांना पुढे बढती मिळाली. कारखाना उभा राहिला, आणि त्याची साखर आम्हीही खाल्ली असेल. मला अजून तो माणूस आठवला की तोंड कडू होतं. वयाबरोबर राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही.

दुष्काळ सरल्यावर एकदा नगरमध्ये एका बँकेच्या नव्या दाराला पॉलिश करताना मिस्तरी दिसले. मी थांबले. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "दुकानात बोललात म्हनं?"

"हो."

"आयकलं म्या," ते म्हणाले, आणि दाराच्या खालच्या फळीकडे वळले. मी एसटी स्टँडकडे गेले.