वर कोण उड्या मारतंय

नव्वदच्या दशकात आम्ही कोयनानगरच्या वसाहतीत राहत होतो. कॉलेजात असताना मी माझ्या सायकलची उड्या मारायची सायकल केली. मडगार्ड आणि कॅरिअर काढले, सीट पार खाली घेतली आणि वसाहतीमागच्या मुरमाच्या ढिगावर शिकायला लागलो. सुरुवातीला सायकल एकीकडे पडायची आणि मी दुसरीकडे.

तिथे एक म्हातारा शेळ्या चारायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी उडी घेण्याआधी तो वाकून जमिनीवर तळवा टेकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "जा." मला गंमत वाटायची.

एका दुपारी मी वेग घेणार, तेवढ्यात त्यानं हँडल धरलं. "आत्ता न्हाई."

"अहो, पण का?"

त्यानं हँडल सोडलं नाही. शेळ्याही चरायच्या थांबल्या होत्या. मग पायाखालून घरघर आली, सायकल हातात थरथरली आणि मी जिथून उडणार होतो तो ढिगाचा कडा ढासळला.

वसाहतीतली माणसं ओरडत बाहेर आली. म्हातारा मात्र मातीला कान लावून आडवा झाला होता.

"आजोबा, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मोठा भूकंप झाला तवा बायकू आन् दोन लेकरं घराखाली गेली. गावलीच न्हाईत. तीच सांगत्यात." तो हसला. "तुलाबी वळखत्यात की. वर कोण उड्या मारतंय, म्हून रोज इचारत्यात."

मी सायकल हातात धरून घरी निघालो. पाऊल वाजू नये म्हणून जपून चालत होतो.