पुढे सरकवलेलं ताट

आमच्या सोलापूरच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायचा रविवार आला की मला जाऊच नये असं वाटायचं. भाकरीचं ताट बाकावरून हातोहात यायचं आणि आई काही न घेता ते माझ्याकडे सरकवायची. सगळे बघायचे. मला भयंकर राग यायचा, बघणाऱ्यांचाही आणि आईचाही.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. मावशीनं, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीनं, धर्माबाहेर लग्न केलं आणि ती मैंदर्गीला गेली. एकदा ती भेटायला आली, तेव्हा आजोबांच्या धाकानं आईनं दाराची कडी काढली नाही. मावशी उन्हात हाका मारून निघून गेली. पुढे आजोबा वारले, धाक संपला, तरी आई तिच्याकडे गेली नाही. ताट सरकवणं तेवढं चालू राहिलं.

सत्तर साल उलटून गेलं होतं. मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं. एकदा भाकऱ्या थापणाऱ्या आईला मी ऐकवलं, "मन जुनी गोष्ट उगाळत बसतं. त्या त्रासालाच आपण भरपाई समजतो आणि करायचं ते राहून जातं."

"चर्चचे पाळकसाहेबबी तेच म्हनत्यात," आई म्हणाली. "खंत मानसाला घरात बसवती, पश्चात्ताप उठवून चालायला लावतो. ताट नाकारायची शिक्षा देवानं दिली न्हाय, म्हनाले, तुमची तुमीच घेतलीया." बोलता बोलता तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उतरवली. "दोगंबी एकच सांगताय, म्हंजे जायलाच पायजे की."

शनिवारी आम्ही एसटीनं मैंदर्गी गाठली. मावशीनं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"आक्का, माझं लई चुकलं," आई दाराशी म्हणाली. आतून कडी लागली.

शेवटच्या गाडीपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो. परतताना मी संतापून म्हणाले, इथं पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. ताट आलं. आईनं भाकर घेतली, तोंडात घातली आणि मग ताट माझ्याकडे दिलं. मला रडू आवरेना.

चर्च सुटल्यावर ती घराकडे न वळता एसटी स्टँडच्या दिशेनं निघाली.

"पुन्हा?" मी विचारलं. "तिनं तर दारसुद्धा उघडलं नाही!"

"म्हनून तर," आई म्हणाली. "कडी लावून आत बसल्यावर काय व्हतंय ते मला ठाव हाय. तिला तसं बसू द्यायचं न्हाय. चल, पाय उचल."