जिनिंगच्या आवारातली शेवटची रेस

दिनकरचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मेथी निवडत बसलो होतो. "आवार विकल्या गेलं बे. दिवाळीनंतर तिथं प्लॉट पडतीन. मे महिन्यात एक रेस लावू, येजो."

मी तिथल्या तिथे रजा टाकली. दिनकर माझा शाळेपासूनचा दोस्त, खामगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. कापसाचा हंगाम संपला की सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या रिकाम्या आवारात आम्ही रिमोटवरच्या टूरिंग कार पळवायचो, खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या. तिथे मी त्याला एकदाही हरवलेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, यंदा मला जिंकायचंच होतं.

पुण्याहून जालन्यामार्गे चिखली, तिथून एसटीने खामगाव. बॅटऱ्या डिकीत ठेवू नका, उन्हात तापतात. मी गाडीचं खोकं मांडीवर घेऊन बसलो. उंद्रीजवळ शेजारच्या मावशींनी आत डोकावलं. "नातवाले घेतली का?" म्हटलं, "नाही, माझीच आहे." त्यांनी आपली पिशवी हळूच जवळ ओढली.

खामगावात उतरलात तर आधी कचोरी खा. खिशाला आजही परवडते आणि तिखट तेवढंच आहे.

आवारात खडूने ट्रॅक आखला होता. सिमेंटच्या भेगांतून कापसाचे तंतू तसेच अडकलेले, वासही तोच. दहा-बारा जुने दोस्त बघायला आले होते.

माझी गाडी नवी, मोटार रबरी पट्ट्याने चाकं फिरवते अशी, कार्बनची, हलकी. दिनकरची वीस वर्षांची, पट्ट्याऐवजी लोखंडी दांड्याने चाकं फिरवणारी, बॉडीला जागोजागी टेप. सरळ रेषेत माझी पुढे जायची. वळणावर ती घसरायची आणि त्याची जड गाडी जमीन धरून मला गाठायची. पहिली फेरी मी जिंकली, दुसरी त्याने.

तिसरीआधी पाणी पिऊन आलो तर दिनकर चिमटा घेऊन माझ्या गाडीवर वाकलेला. रेसआधी दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही, हा आमचा लहानपणापासूनचा नियम.

"हात काढ!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की सगळे वळून बघू लागले.

"बरं बाप्पा," म्हणत त्याने चिमटा खिशात टाकला.

शेवटच्या वळणापर्यंत तो हातभर पुढे होता. मग त्याची गाडी कण्हली, मंदावली, आणि माझी रेषेपार गेली. मी अक्षरशः उड्या मारल्या.

हरलेल्याची गाडी जिंकणाऱ्याने ट्रॅकवरून उचलून त्याला आणून द्यायची, हा आमचा रिवाज. उचलली, तर चाकांच्या आसांवर कापूस सुतासारखा घट्ट गुंडाळलेला. माझी उलटी करून पाहिली. एक तंतू नव्हता.

"पट्ट्यात कापूस जाते, तुले कुठं मालूम," दिनकर म्हणाला. "म्हनून पयले तुही साफ केली."

"आणि तुझी?"

"तू बोंबलला ना बे. मंग मन नाही लागलं."

मला तिथेच लाज वाटली, पण सगळे पाठ थोपटत होते आणि मी हसत राहिलो.

माझी गाडी आता पुण्यात कपाटावर आहे. कोणी विचारलं तर जिंकलो म्हणतो, पण पुढे काही सांगवत नाही. दिवाळी उलटून महिना झाला, तेव्हा काल न राहवून फोन लावला. "चुकलं माझं, दिनकर. अजून एक रेस लावू. दोघांच्या गाड्या तूच साफ कर."

"हाव, लावू ना," तो म्हणाला. "पन कुठं?"